वाईटातली वाईट वीट

प्रिय आर्या आणि निहार,

परवा व्हिडिओ कॉलवर निहारने विचारले, "आजी, तुझ्या चांदीच्या भांड्यांशेजारी तो सिमेंटचा तुकडा कशाला ठेवलायस?" मी म्हणाले, सांगेन कधीतरी. पण आमची नौपाड्यातली इमारत आता पाडायची ठरली आहे आणि मी खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले आहे. सामान बांधायला आलेल्या माणसाने तो तुकडा सरळ कचऱ्याच्या पिशवीत टाकला. मी बाहेर काढला, तर तो म्हणाला, "आजी, दगड आहे हो." तेव्हाच ठरवले की तुम्हांला सांगायचे ते आता लिहूनच ठेवावे. नाहीतर माझ्यानंतर तो पुन्हा त्याच पिशवीत जाईल. मराठी वाचायला तुम्हांला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. सावकाश वाचा. अडले तर बाबाला विचारा.

तो दगड नाही. तो चिखल आहे. कोपरच्या खाडीकाठचा काळा, वास मारणारा चिखल. त्याचा दगड ज्यांनी केला, त्यांच्याकडे मी बरीच वर्षे नोकरी केली.

आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. त्यांची माती तपासायची प्रयोगशाळा नौपाड्यात, एका दातांच्या दवाखान्याच्या मागे होती. पुढे लोक दाढ धरून बसलेले आणि मागे आम्ही चिखलाचे डबे मांडून बसलेलो. इमारत किंवा रस्ता बांधायच्या आधी तिथली जमीन वजन पेलेल का, हे आम्ही तपासायचो. ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडीचा काठ आहे, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. मी रसायनशास्त्राची पदवीधर, शाळा कॉन्व्हेंटची, म्हणून अहवाल लिहायचे काम माझ्याकडे आले. साहेब मराठीत सांगायचे आणि मी इंग्रजीत लिहायची. हे वाटते तितके सोपे नव्हते.

"लिहा बाई," ते डोळे मिटून म्हणायचे, "ही माती हट्टी पोरासारखी आहे. जागेवर उभी आहे तोवर उभी. कडेवर घ्यायला गेलं की अंग सैल सोडते."

मग मी लिहायची की ढवळल्यावर या मातीची ताकद पुष्कळ कमी होते. साहेब ते वाचून म्हणायचे, "बरोबर आहे. पण पोर गेलं यातलं."

साहेब सदा पांढऱ्या कपड्यांत. चिखलाचा माणूस, पण सदऱ्यावर शिंतोडा नाही. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. जागा पाहायला गेले की पहिल्यांदा बूट काढून पिशवीत ठेवायचे आणि अनवाणी चिखलात उतरायचे. मग उजवी टाच जोरात आपटायची आणि थोडे ऐकल्यासारखे करायचे. आमच्याकडे लाखमोलाची यंत्रे होती, पण टाच आपटल्याशिवाय साहेब यंत्र लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "आधी ओळख, मग तपासणी. डॉक्टरसुद्धा आधी नाव विचारतो."

प्रयोगशाळेत टाचेऐवजी अंगठा. समोर येईल त्या वस्तूत ते अंगठा दाबून पाहायचे. मातीत ठीक आहे. पण इडलीत, साबणात, लग्नात ताटातल्या बासुंदीवरच्या सायीतसुद्धा. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी ढोकळा केला होता. साहेबांनी अंगठा दाबला, सोडला, ढोकळा वर येतो का पाहिले आणि तुमच्या आजोबांना म्हणाले, "उत्तम. यावर दोन मजले चढवायला हरकत नाही." आजोबांना बराच वेळ कळेना की हे ढोकळ्याबद्दल बोलताहेत की माझ्याबद्दल. लिहितावाचता न येणारा माणूस अंगठा उठवतो, म्हणून त्याला आपल्याकडे अंगठेबहाद्दर म्हणतात. आम्ही पाठीमागे साहेबांना तेच म्हणायचो. परदेशात जाऊन डॉक्टरेट घेतलेला तो बहुधा एकटाच अंगठेबहाद्दर असेल.

त्यांचा एक दुर्गुण मात्र सांगितला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यातूनच घडले. साहेब कधीही कारण सांगत नसत. "हे असं करा." का? "करा म्हणतो ना." मी एकदा फारच हट्ट धरला, तेव्हा म्हणाले, "बाई, कारण सांगितलं की लोक त्यात आपली भर घालतात. हुकूम दिला की तेवढंच करतात." हे वाक्य त्यांना इतके आवडायचे की येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

तुमच्या बाबाची दहावी होती त्या वर्षी प्रयोगशाळेत सिस्टर आल्या. त्या हॉस्पिटलात परिचारिका होत्या आणि सगळी वस्ती त्यांना सिस्टरच म्हणायची. ड्यूटीवरून तशाच आल्या होत्या, पांढऱ्या साडीत. दोन पांढरे कपडेवाले समोरासमोर बसले.

"जय भीम साहेब," त्या म्हणाल्या. "आमची कोपरला वस्ती आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून खाडीच्या बाजूला प्लॉट घेतलाय. विहार बांधायचंय आणि त्यातच मुलांना अभ्यासिका. एकेका खोलीत सात-आठ माणसं, पोरं अभ्यास करणार कुठे? प्लॉट घ्या म्हणून सगळ्यांच्या मागे मीच लागलेले. आता तिथे मुरूम टाकला तर एका पावसाळ्यात गिळला जमिनीने. एवढा ढीग होता साहेब, ढेकरसुद्धा दिली नाही."

"कोणी पाहिली का जागा?"

"पाहिली ना. एक इंजिनिअर म्हणाला, खाली खडकापर्यंत खांब उतरवा. ते आमच्या बापजन्मात होणार नाही. आणि एक टेम्पोवाला टपून बसलाय. त्याला पार्किंगला पाहिजे ती जागा. पावसाळ्याच्या आत काही झालं नाही तर मीटिंगमध्ये विकायचं ठरणार. अर्धे लोक आत्ताच त्याच्या बाजूने आहेत."

साहेब त्याच दुपारी मला आणि सिस्टरला रिक्षात घालून कोपरला गेले. बूट काढले, टाच आपटली. पाय घोट्याच्या वर आत गेला. कुंपणाजवळ तो टेम्पोवाला पानाची पिंक टाकत उभा होता. "सिस्टर, नवीन इंजिनिअर का? देऊन टाका की जागा मला. टेम्पोला काय, चिखल चालतो!"

साहेबांनी पाय उपसून काढला. "माती वाईट नाही," ते सिस्टरना म्हणाले, "ओली आहे. सगळे दात काढून कवळी कशाला बसवायची? हिरडीच घट्ट करू."

त्यांची युक्ती अशी. कमरेइतक्या खोलीपर्यंतचा चिखल तिथल्या तिथेच ढवळायचा आणि त्यात थोडे सिमेंट, थोडा चुना आणि पुष्कळशी सुरखी मिसळायची. सुरखी म्हणजे विटांचा भुगा. आपल्याकडच्या जुन्या विहिरी आणि पूल चुना-सुरखीवरच उभे आहेत. नुसते सिमेंट भरपूर घालूनही चिखल घट्ट होतो, पण ते वस्तीला झेपणारे नव्हते. सुरखीने सिमेंट वाचणार होते.

सुरखीसाठी साहेब मला घेऊन टिटवाळ्याकडच्या एका वीटभट्टीवर गेले. मालक लगबगीने पुढे आला. साहेब म्हणाले, "तुमच्याकडची वाईटातली वाईट वीट दाखवा."

पांढरे कपडे पाहून मालकाला वाटले, सरकारी तपासणी आली. "आमच्याकडं वाईट वीट नाहीच साहेब! एक नंबर माल. हे बघा, टणटण वाजते."

"मग माझी खेप फुकट गेली."

"सरबत घ्या ना साहेब."

"सरबत नको. वाईट वीट द्या."

"गळ्याशपथ नाही साहेब!"

शेवटी मालकाची बायको पदर सावरत पुढे आली. "अहो, मागे कोंबड्यांच्या खुराड्याला लावल्यात त्या दाखवा की. ते मागतायत तर द्या." भट्टीच्या बाहेरच्या थरातल्या विटांना आच कमी लागते. त्या पिवळट राहतात, कोपरे झडतात, कोणी घेत नाही. साहेबांनी एका विटेत अंगठा रुतवला, भुगा पडला, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मालकाने दोन पावले मागे घेतली.

त्या विटांची सुरखी, कोपरचा चिखल, चुना आणि सिमेंट मिसळून आम्ही प्रयोगशाळेत नळकांडी केली. लाडूच्या डब्याएवढी, गोल. महिनाभर खाडीच्याच पाण्यात बुडवून ठेवली, कारण पुढचे आयुष्य त्यांना त्याच पाण्यात काढायचे होते. बाहेर काढली तेव्हा अंगठा सोडाच, खिळासुद्धा उमटेना.

साहेबांनी वस्तीला निरोप दिला: प्लॉटच्या एका कोपऱ्यात नमुन्याचा पट्टा करा. माप असे, मिश्रण असे, आणि टिटवाळ्याहून वाईटातली वाईट पिवळी वीट आणून कुटा. सिस्टरनी विचारले, "वाईट का हो साहेब?" उत्तर तुम्हांला ठाऊक आहेच. "करा म्हणतो ना."

वस्तीने रविवारी श्रमदान केले, तेव्हा सिस्टर ड्यूटीवर होत्या. पुरुषांनी ढवळले, बायकांनी विटा कुटल्या, पोरांनी गोणपाटे भिजवून पट्ट्यावर टाकली. महिनाभर रोज पाणी मारले. मग ठरल्या दिवशी सगळी वस्ती जमली. सिस्टरनी रजा घेतली होती. टेम्पोवालाही कुंपणाशी हजर होता. साहेबांनी गोणपाट दूर केले, बूट काढून माझ्या हातात दिले आणि पट्ट्यावर टाच आपटली.

टाच आत गेली. फार नाही, पण श्रीखंडात चमचा जावा तशी सहज गेली.

मग कुंपणाकडून आवाज आला, "साहेब, पाय धुवायला पाणी पाठवू का?"

मी सिस्टरकडे पाहिले. त्या लोकांकडे पाहत नव्हत्या, नुसत्या पट्ट्यातल्या त्या खड्ड्याकडे पाहत होत्या. मागे कोणीतरी बाई हळूच म्हणाली, "आता विकाच म्हणावं."

साहेबांनी पिशवीतून प्रयोगशाळेतले नळकांडे काढले आणि त्यावर अंगठा दाबला. टणक. पुन्हा पट्ट्याकडे पाहिले. मग म्हणाले, "उरलेली सुरखी दाखवा." गोणी उघडली. आतला भुगा कुंकवासारखा लालभडक होता.

"ही लाली कुठून आली?" साहेबांनी विचारले.

गिरणीतून निवृत्त झालेले आबा पुढे आले. वस्तीत वयाने तेच मोठे. "साहेब, तुमची वीट आम्ही भट्टीवर जाऊन पाहिली. कोंबड्यांच्या खुराड्याची वीट! आमच्या आईबापांनी जन्मभर लोकांनी टाकलेलं वापरलं. विहाराच्या पायात तरी टाकलेलं नको, असं आमचं ठरलं. एक नंबर लाल वीट घेतली. घरटी आणली, ज्याला जशी जमली तशी. तो बघा, अजून उरलाय ढीग."

"आबा!" सिस्टर कडाडल्या. "मला विचारायचं तरी!"

"तुला विचारलं असतं तर तू साहेबांना विचारलं असतंस. आणि साहेब म्हणाले असते, करा म्हणतो ना!"

दोघीतिघी हसल्या. मला वाटले, आता साहेब भडकणार. एकदा सिमेंटमध्ये पाणी जास्त घातले म्हणून त्यांनी एका कंत्राटदाराला खाडीत उतरवायचे बाकी ठेवले होते. पण साहेब चिखलाच्या पायांनी चालत त्या लाल विटांच्या ढिगापाशी गेले आणि त्याच्यावर बसले. पांढऱ्या विजारीला लाल डाग पडला तो मी पाहिला.

"आबा," ते म्हणाले, "तुमचं कारण माझ्या कारणापेक्षा मोठं आहे. पण माझं ऐकाल?"

आणि माझ्यासमोर, पहिल्यांदाच, त्या माणसाने कारण सांगितले.

"पूर्ण भाजलेली वीट तृप्त असते. पोटभर जेवून झोपलेली. भिंतीत ती उत्तम, कारण भिंतीत नुसतं पडून राहायचं असतं. पण इथे खाली चिखलाला धरून ठेवायचंय. ते तृप्त माणसाचं काम नाही. कमी भाजलेली वीट अजून भुकेली असते. ती चुना खाते, मग आजूबाजूच्या मातीला पकडते आणि हळूहळू दगड होते. म्हणून मी ती मागितली. हलकी म्हणून नाही."

सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "मग असं सांगायचं ना साहेब! भुकेली वीट म्हणायचं. भूक काय असते ते आमच्या वस्तीला शिकवायला नको. वाईट कशाला म्हणता?"

"चुकलं," साहेब म्हणाले. "आजपासून भुकेली."

"आणि हे खरं कशावरून?" आबा म्हणाले. आबांना एवढ्यात सोडायचे नव्हते.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या नखावर ठेवा."

त्यांनी दोन स्टीलच्या वाट्या मागवल्या. एकीत लाल सुरखी, दुसरीत आमच्या डब्यातली पिवळी. दोन्हीत तोच चिखल, तेवढाच चुना, तेवढेच सिमेंट. वाट्या सिस्टरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या आणि मीटिंग महिनाभर पुढे ढकलली.

तो महिना सिस्टरच्या खिडकीला उसंत नव्हती. पाणी भरायला जाणारी बाई जाताना लाल वाटीला नख लावायची आणि येताना पिवळीला. सिस्टरनी शेवटी पाटी लावली: नख लावण्यापूर्वी हात धुवावेत. पहिल्या आठवड्यात दोन्ही सारख्याच मऊ होत्या आणि वस्तीत साहेबांची बरीच टिंगल झाली. पण महिना भरत आला तशी पिवळी वाटी बदलत गेली. शेवटी सिस्टर दोन्ही वाट्या ताटात घेऊन लग्नाची पत्रिका द्यायला निघावे तशा घरोघर फिरल्या. आबांनी लालवर नख लावले, ओरखडा उठला. पिवळीवर नख लावले, मग किल्ली लावली, मग चष्मा कपाळावर नेऊन वाटी डोळ्यांशी धरली.

"च्यायला," आबा म्हणाले, "खुराड्याची वीट!"

"भुकेली," सिस्टर म्हणाल्या.

मीटिंगमध्ये जागा विकायची गोष्ट निघालीच नाही. उलट टिटवाळ्याहून विटा आणायला टेम्पो हवा होता आणि सर्वांत जवळचा टेम्पो कोणाचा, हे तुम्हांला कळलेच असेल. तो म्हणाला, "टाकाऊ विटा भरायला माझी गाडी?" सिस्टर पुढच्या सीटवर त्याच्या शेजारी चढून बसल्या. "टाकाऊ नाहीत, भुकेल्या आहेत. खड्डे बघून चालवा."

उरलेल्या लाल विटांचे काय करायचे, हा प्रश्न साहेबांनीच सोडवला. "त्या दिसतील तिथे लावा. प्रत्येकाला आपली वीट दिसली पाहिजे." त्यांची दारासमोरची रुंद पायरी झाली.

पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा सगळे जमले. आता सगळी जमीन तयार होती, एका भिंतीच्या जागेपासून दुसऱ्या भिंतीच्या जागेपर्यंत. साहेबांनी गोणपाट काढायला लावले आणि बूट काढायला वाकले. मग थांबले आणि सरळ उभे राहिले.

"सिस्टर, टाच तुमची."

"माझी? तुमची परीक्षा आहे साहेब."

"प्लॉट घ्या म्हणून लोकांच्या मागे कोण लागलं होतं?"

सिस्टरनी ड्यूटीच्या पांढऱ्या सँडल काढून आबांच्या हातात दिल्या. पदर खोचला. वस्तीकडे एकदा पाहिले आणि इतक्या जोरात टाच आपटली की मीच दचकले.

"आई गं!" त्या एका पायावर उभ्या राहून कळवळल्या. "दुखलं हो साहेब!"

"दुखलं?" साहेबांचा चेहरा वीटभट्टीवर फुलला होता तसा फुलला. "खूप दुखलं?"

"जाम दुखलं!"

"मग पास!"

तेव्हा जो आरडाओरडा झाला त्यात टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून भर घातली. का, ते त्याला विचारायचे राहिले.

त्यानंतर साहेबांमध्ये एक बदल झाला, आणि तो चांगला होता असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ते सगळ्यांना सगळ्याची कारणे सांगू लागले. रिक्षावाल्याला डावीकडे वळायचे कारण, चहावाल्याला साखर कमी घालायचे कारण. पुढच्या दवाखान्यात दाढ धरून बसलेल्या माणसांना दाढ का दुखते याचे कारण. मी म्हणाले, "साहेब, पूर्वीचं बरं होतं." तर म्हणाले, "बाई, कारण सांगितलं तर लोक त्यात थोडी भर घालतात. नाही सांगितलं तर अख्खं स्वतःचंच घालतात. आणि ते आपल्याहून चांगलं निघालं तर काय करणार?" मग या मताची कारणे सांगू लागले. मला घरी जायला उशीर झाला.

साहेब जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. प्रयोगशाळेच्या जागी चष्म्याचे दुकान आहे. दातांचा दवाखाना चालू आहे, पण डॉक्टर नवे आहेत. आबा नाहीत. सिस्टर आहेत. गुडघे गेले आहेत, तरी अभ्यासिकेच्या किल्ल्या कोणाला देत नाहीत. मी गेल्या महिन्यात त्यांच्याकडे जाऊन आले. बाकांवर मुलेमुली मान खाली घालून बसली होती, कोणी वर पाहिले नाही. बाहेरचा रस्ता खचला आहे, शेजारच्या इमारतीचे कुंपण तिरके झाले आहे. सिस्टर मला म्हणाल्या, "मॅडम, टाच मारून बघता का?" मी म्हणाले, या वयात नको.

त्या पिवळ्या वाटीतला तो तुकडा मी साड्यांच्या खोक्यात मऊ कापडात गुंडाळून ठेवला आहे. खोक्यावर "निहार व आर्या" असे लिहिले आहे. अभ्यासिकेच्या दारातल्या लाल विटा मधोमध झिजल्या आहेत. आतली जमीन सपाट आहे.

तुमची आजी